डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचा तोल कसा घडतो

"चालेल ना हो?" डाऊन सिंड्रोमचं निदान घेऊन फिजिओथेरपी विभागात आलेले आईबाबा दुसरं काही विचारायच्या आधी हे विचारतात. सोबत आजी असली तर तिचा प्रश्न, "कधी चालेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आनंदाचं आहे. चालेल. दुसरा एखादा गंभीर आजार नसेल तर डाऊन सिंड्रोम असलेली जवळजवळ सगळी मुलं चालतात. "कधी"चं उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही. इतर मुलं वर्षाच्या आसपास पहिलं पाऊल टाकतात, ही मुलं सरासरी दोन वर्षांची होता होता. कुणी तेरा-चौदा महिन्यांतच चालायला लागतं, कुणाला चार वर्षं लागतात. रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅनडातल्या मुलांच्या नोंदींवरून या मुलांच्या हालचालींच्या वाढीचा आलेख मांडला. त्यात २४ व्या महिन्यापर्यंत चालण्याची शक्यता साधारण ४० टक्के निघाली. तेव्हा दुसऱ्या वाढदिवसाला मूल चालत नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तिसरा प्रश्न, आणि तो फार कमी घरांतून येतो. कसं चालेल?

पाय फाकवून, पावलं बाहेरच्या बाजूला वळवून, गुडघे मागे ताठ करून, अंग डावी-उजवीकडे डोलवत चालणारं दोन वर्षांचं मूल सगळ्यांना गोड दिसतं. तेच मूल पंधरा वर्षांचं होतं, वजन वाढतं, आणि तेच गुडघे, तीच सपाट पावलं दुखायला लागतात. एसटीची पायरी चढायची म्हटली की ते मागे सरतं. चालणं नकोसं होतं, म्हणून वजन आणखी वाढतं. पॅट विंडर्स या अमेरिकन फिजिओथेरपिस्टनी अनेक दशकं डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबरोबर काम केलं. त्यांची भूमिका स्पष्ट आहे: टप्पे लवकर गाठून देणं हे थेरपीचं काम नाही, शरीराला लागणाऱ्या चुकीच्या सवयी कमीत कमी ठेवणं हे तिचं काम आहे. मला हे पूर्ण पटतं. पुढचं सगळं याच बाजूने लिहिलं आहे.

तोल सांभाळताना आत काय चालतं

आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर क्षणभर स्वस्थ नसतं. मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत खबर जात असते. डोळे सांगतात, समोरची भिंत सरळ आहे की कलली. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्या डोकं कुठे वळलं ते सांगतात. तळपाय, सांधे आणि स्नायू सांगतात की भार टाचेवर आहे की चवड्यावर, गुडघा किती वाकलाय. या तिन्ही खबरांचा मेळ घालून कुठला स्नायू कधी आणि किती आवळायचा, हे ठरवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

हे काम दोन तऱ्हांनी होतं. मागून कुणाचा धक्का लागला तर शरीर सावरतं, ही झाली घडून गेल्यावरची प्रतिक्रिया. दुसरी तऱ्हा सहसा आपल्या लक्षातही येत नाही. फळीवरचा डबा काढायला हात उचलायचा असेल, तर हात हलायच्या क्षणभर आधीच पोटरीचे आणि पाठीचे स्नायू आवळलेले असतात. हात पुढे गेला की अंग पुढे झुकणार, हे शरीराला आधीच ठाऊक असतं. ही पूर्वतयारी केवळ अनुभवातून येते. हजारो वेळा हात पुढे करून, हजारो वेळा थोडंसं डगमगून.

डाऊन सिंड्रोममध्ये या दोन्ही गोष्टी उशिरा होतात. ॲन शमवे-कुक आणि मार्जोरी वूलाकॉट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये एक छोटा पण फार उपयोगाचा अभ्यास केला. हलणाऱ्या फळीवर मुलांना उभं केलं, फळी अचानक सरकवली आणि पायांचे स्नायू किती वेळात जागे होतात ते मोजलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये सर्वांत साधी, प्रतिक्षिप्त क्रिया वेळेवर येत होती. पण सगळं अंग सावरून धरणारी, मेंदूने जुळवून आणलेली मोठी प्रतिक्रिया उशिरा येत होती. मुलं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. तरी त्यातून निघालेली गोष्ट पुढे टिकली आहे: तोल जाण्याचा सगळा दोष स्नायूंच्या सैलपणावर टाकता येत नाही. नुसते पाय मजबूत करून भागणार नाही, तोल सांभाळण्याचाच सराव द्यावा लागतो.

अडचणी कुठून येतात

साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळाच्या पेशींमध्ये २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. या एका जादा प्रतीचे धागे तोलापर्यंत अनेक वाटांनी पोचतात.

पहिली वाट स्नायूंची. या बाळांना उचललं की ती हातातून निसटतील अशी मऊ लागतात. याला डॉक्टर "टोन कमी आहे" म्हणतात. टोन आणि ताकद यांत गल्लत होते, म्हणून थोडं थांबून सांगते. आरामात असतानाही स्नायूत थोडा ताण असतो, तो टोन. रहाटाचा दोर ढिला सोडलेला असेल तर ओढल्यावर आधी ढील निघते आणि मग घागर हलते, तसं टोन कमी असलेल्या स्नायूचं होतं. ताकद लागते, पण वेळाने. व्यायामाने ताकद वाढते हे नक्की. जन्मतः आलेला सैलपणा मात्र व्यायामाने पुसला जात नाही, तो थोडाफार आयुष्यभर सोबत राहतो. "टोन वाढवून देतो" असं छातीठोक सांगून महिन्याचं पॅकेज विकणाऱ्यांपासून आईबाबांनी सावध राहावं, असं मला कळकळीने वाटतं.

दुसरी वाट सांध्यांची. हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टेही सैल असतात. शरीराच्या जोडउतींना लागणाऱ्या एका प्रकारच्या कोलॅजनची दोन जनुकं २१ व्या गुणसूत्रावरच आहेत, आणि या सैलपणाचा संबंध तिथे असावा असं मानलं जातं. खुब्यापाशी पाय खूप फाकतात, गुडघे मागे जातात, पावलाची कमान जमिनीला टेकते. सांधा जागेवर स्थिर नसला की तिथून मेंदूला जाणारी खबरही पुसट होते.

हातपाय धडाच्या मानाने आखूड असतात, त्यामुळे बसलेल्या बाळाचा हात टेकू द्यायला जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. तोलाचा मेळ घालणारा लहान मेंदू इतर मुलांपेक्षा आकाराने लहान असतो. कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं, तिरळेपणा, चष्म्याचा नंबर हे सगळं या मुलांमध्ये खूप जास्त आढळतं. जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, काहींची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच होते आणि हालचालीचे महिने दवाखान्यात जातात. थायरॉइड मंदावलेलं असेल तर मूल आणखी सुस्त होतं. म्हणून व्यायाम नेमाने चालू असूनही मूल महिनोन्महिने आहे तिथेच असेल, तर मी व्यायाम बदलायच्या आधी कान, डोळे आणि थायरॉइडचे रिपोर्ट मागते. डोळ्यांना दिसत नाही ती पायरी पायांना कशी कळणार?

शरीर शोधतं त्या पळवाटा

मूल हुशार असतं. सैल सांध्यांनिशी उभं राहायचं तर काय केल्याने कमी कष्ट पडतील, हे ते स्वतःच शोधून काढतं. गुडघा मागे ढकलून ताठ केला की मांडीचे स्नायू वापरावे लागत नाहीत. पाय फाकवले, पावलं बाहेर वळवली की पाया रुंद होतो, पडायची भीती कमी. बसताना पाठीचा कणा गोल करून पोटावर लवलं की पाठीला काम उरत नाही.

यातली सगळ्यांत फसवी पळवाट बसण्याची आहे. आठ-दहा महिन्यांचं बाळ पालथं पडलेलं असतं. ते दोन्ही पाय बाजूंना पार आडवे करतं, इतके की दुसऱ्या बाळाला ते दुखलंच असतं. मग दोन्ही तळहात जमिनीवर दाबून धड मागे ढकलतं आणि चक्क उठून बसतं. घरात टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो, मामा-मावशींना जातो. आनंद खराच आहे. पण या उठण्यात कंबर एकदाही वळलेली नसते, भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलेला नसतो. इतर बाळं कुशीवर होतात, एका कोपरावर येतात, अंगाला पीळ देत उठतात. चालताना एका पायावर भार घेऊन दुसरा उचलायचा असतो, त्याचा पाया त्या पिळात घातला जातो. तो अनुभव हुकला की पुढे चालणं डोलणारं होतं.

तेव्हा आम्ही काय करतो? बाळाचे पाय फाकायला लागले की मांड्यांना हाताने हलकेच एकत्र आणतो, खुब्यावर हात ठेवून त्याला कुशीवर वळवतो, आणि खेळणं अशा जागी धरतो की कोपरावर भार देऊन उठल्याशिवाय ते हाती लागणार नाही. आपला हात फक्त वाट अडवतो आणि दाखवतो, उठायचं काम बाळाचं. बऱ्याच बाळांना हे सुरुवातीला आवडत नाही, ती कुरकुरतात. दिवसातून पाच-सहा वेळा, लंगोट बदलताना, कपडे घालताना हेच केलं तर काही आठवड्यांत ती वळून उठायला लागतात.

चालण्याआधीचे दिवस

जागं आणि नजरेसमोर असताना बाळाला पालथं ठेवणं ही पहिली थेरपी. छातीखाली उपरण्याची घट्ट गुंडाळी दिली की डोकं उचलणं सोपं जातं. उताणं पडलेल्या बाळाचे पाय बेडकासारखे फाकून राहतात, म्हणून तेही जागं असताना, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना जुन्या सुती साडीच्या गुंडाळ्या लावाव्यात.

मालिशीबद्दल प्रत्येक घरात विचारतात. तेल लावून हलक्या हाताने मालिश करायला काहीच हरकत नाही, बाळाला ती आवडते आणि आईशी स्पर्शाचं नातं जुळतं. पण आपल्याकडे मालिशवाल्या मावशी आंघोळीआधी बाळाला पायाला धरून उलटं करतात, दोन्ही हात धरून उचलतात, हातपाय उलटसुलट ताणून "मोकळे" करतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाला हे करू देऊ नका. त्याचे सांधे आधीच गरजेपेक्षा मोकळे आहेत, आणि मानेचं कारण पुढे सांगते. मावशींना दुखवायची गरज नाही. "डॉक्टरांनी मनाई केलीय" एवढं पुरतं.

बाळ बसायला लागलं की आधार हळूहळू खाली न्यायचा. आधी छातीला, मग कमरेला, मग फक्त खुब्याला. आधार जितका खाली, तितकं वरचं अंग स्वतः सांभाळावं लागतं. सोफ्याच्या कोपऱ्यात लोड-तक्क्यांमध्ये खोचून बसवलेलं बाळ बसलेलं दिसतं, पण तोल सांभाळायचं काम तक्केच करत असतात.

यानंतर माझा आवडता व्यायाम येतो. त्याला फक्त एक बुटकं स्टूल लागतं, किंवा एकावर एक ठेवलेले दोन पाट. उंची अशी हवी की मूल बसल्यावर गुडघे काटकोनात राहतील आणि दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील. तळवे लोंबकळले तर सगळं व्यर्थ. आपण समोर जमिनीवर बसायचं, हात मुलाच्या गुडघ्यांवर, खाली दाब देत, पावलं सरळ. मग त्याच्या आवडीची वस्तू उजव्या हाताला, त्याचा हात पोचतो त्याच्या चार बोटं पलीकडे धरायची. मूल तिकडे झुकतं. भार उजव्या कुल्ल्यावर जातो, उजवा तळवा जमिनीला दाबतो, डावी कूस आखडते. एक क्षण असा येतो की ते पडणार असं वाटतं. तिथे हात पुढे करायची घाई करू नका. तोल जायला लागला आणि परत आला, ह्या दोन गोष्टींच्या मधला तो क्षणच मेंदूला शिकवतो. आपला हात दोन इंचांवर तयार असावा, अंगावर नसावा. मग तीच वस्तू डावीकडे, मग समोर खाली, मग समोर वर, इतकी की घ्यायला उठून उभंच राहावं लागेल. स्टुलावरून उठणं-बसणं हा मांड्यांच्या ताकदीचा उत्तम व्यायाम आहे, आणि त्यात गुडघा मागे ताठ करायला वाव राहत नाही.

उभं राहायला लागल्यावर दिवाणाच्या कडेकडेने सरकणं येतं. दोन-तीन खेळणी दिवाणावर दूर दूर मांडली की मूल आडवी पावलं टाकत जातं, खुब्याच्या बाजूचे स्नायू तयार होतात. हात धरून चालवताना मोठी माणसं मुलाचे हात त्याच्या डोक्याच्या वर धरतात. असं केलं की मूल लोंबकळतं, चवड्यांवर येतं, तोल आपणच सांभाळत राहतो. हात त्याच्या छातीच्या खालीच राहू द्या. त्यासाठी आपल्याला गुडघ्यांवर चालावं लागलं तरी चालेल.

पांगुळगाडा? हो, लाकडी, ढकलायचा पांगुळगाडा चालतो, मूल आधाराने नीट उभं राहायला लागल्यावर. पण तो सुळकन पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडतं, म्हणून त्यात चार-पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून जड करा आणि गुळगुळीत फरशीऐवजी सतरंजीवर चालवा. मूल ज्यात बसतं तो चाकांचा गोल वॉकर मात्र घरात आणूच नका. त्यात मूल बसून पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोलाचा सराव शून्य, आणि जिन्यावरून पडायचा धोका वेगळा. कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली, आपल्याकडे बारशाला भेट म्हणून येतात.

ट्रेडमिलचं नाव ऐकून आईबाबा दचकतात, पण तिचा पुरावा चांगला आहे. डेल उलरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत ३० बाळांवर प्रयोग केला. सगळ्यांची नेहमीची फिजिओथेरपी चालूच होती. त्यांपैकी निम्म्यांना, आधाराशिवाय ३० सेकंद बसता यायला लागल्यापासून, घरी छोट्या ट्रेडमिलवर रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, आईबाबांनी धरून पावलं टाकायला लावली. ही मुलं बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालली. वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर, मुंगीच्या पावलांचा. व्यायामशाळेतली ट्रेडमिल यासाठी नसते आणि थेरपिस्टशिवाय हे करू नये. लवकर चालण्याचा अट्टहास नको असं वर म्हटलं, त्याला हा अभ्यास छेद देत नाही. आठ मिनिटांत मुलाला शेकडो पावलं मिळतात, एरवी दिवसभरात तेवढी मिळत नाहीत, आणि चालतं मूल घरभर फिरून स्वतः शिकायला लागतं.

पाऊल पडल्यावर

इथे बहुतेक घरांत थेरपी थांबते. मूल चाललं, गंगेत घोडं न्हालं, आता स्पीच थेरपी आणि शाळा बघू. आईबाबांचा वेळ आणि पैसा दोन्ही मोजका असतो, हे मला समजतं. पण तोलाचं खरं शिक्षण पहिल्या पावलानंतर सुरू होतं. सपाट फरशीवर चालणं आणि बाजारात, खड्ड्यांतून, गर्दीत चालणं यांत फार अंतर आहे.

आधी पावलांबद्दल. सपाट पाय दिसले की लगेच बूट किंवा घोट्याला धरणारे प्लास्टिकचे आधार लिहून दिले जातात. चालायला लागलेल्या मुलाचा घोटा खूप आत कलत असेल तर असा आधार उपयोगी पडतो. पण मूल चालायच्या आधीच तो घातला तर पावलाला स्वतः चाचपडून शिकायची संधी कमी मिळते. ज्युलिया लूपर आणि उलरिक यांच्या २०१० च्या अभ्यासात, ट्रेडमिलच्या सरावासोबत चालण्याआधीच आधार घातलेली मुलं हालचालींच्या चाचणीत नंतर मागे पडलेली दिसली. अभ्यास लहान होता, तरी मी घाई न करण्याच्या बाजूची आहे. घरात अनवाणी, बाहेर टाचेला घट्ट धरणारे आणि चवड्यापाशी वाकणारे बूट, आणि चालायला लागून काही महिने झाल्यावर थेरपिस्टने पावलं बघून ठरवावं.

पुढचा सराव जमिनीचा पोत बदलण्याचा. गादी, गवत, वाळू, उतार. समुद्रकिनारा जवळ असेल तर ओल्या आणि सुक्या वाळूवर आळीपाळीने चालणं फार छान. उंबरा ओलांडणं हा रोजचा व्यायाम समजा, मूल चौकटीला धरून ओलांडत असेल तर एक बोट धरून, मग न धरता. जिन्यावर आधी कठड्याला धरून एका पायरीवर दोन्ही पावलं, मग एकाआड एक. खडूने अंगणात रेघ काढून तिच्यावर चालवायचं. आधी दोन रेघांच्या मधून वीतभर रुंद वाटेने, मग एका रेघेवर, मग टाचेला चवडा लावून. एका पायावर उभं राहण्यासाठी समोर चेंडू ठेवून त्यावर एक पाय ठेवायला सांगा. लाथ मारायचीच असेल तर मारायच्या आधी "थांब, थांब, आता!" यातला थांबण्याचा क्षण तोलाचा. उडी उशिरा येते, आणि दोन्ही पाय एकदम उचलायला बराच काळ जातो. शेवटच्या पायरीवरून हात धरून खाली उडी मारण्यापासून सुरुवात करा.

आपले खेळ इथे कामी येतात. ठिक्कर, आईचं पत्र हरवलं, शाळेतलं लेझीम. लेझीम मला विशेष आवडते, कारण ताल, वाकणं, वळणं आणि पावलं एकाच वेळी सांभाळावी लागतात. हलगीवर पाऊल उचलायला या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. फुगडी मात्र नको, खांद्याच्या आणि मनगटाच्या सैल सांध्यांवर फार ओढ येते.

भारतातला पुरावाही आहे. कर्नाटकात मणिपालच्या सुकृती गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या २३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला सहा आठवडे पायांच्या ताकदीचे, हळूहळू भार वाढवत नेलेले व्यायाम आणि जोडीला तोलाचे व्यायाम दिले. त्या गटाची ताकद वाढली आणि तोलाचे गुणही वाढले. ताकद आणि तोल एकत्र, ठरावीक आठवडे, नेमाने, ही त्यातली घेण्याजोगी गोष्ट. हलणाऱ्या फळीवरचे व्हिडिओ गेम, थरथरणारे प्लॅटफॉर्म यांवरही प्रयोग झालेत. मिळाले तर वापरा, नाही मिळाले तर खडूची रेघ पुरेशी आहे.

मोठ्या मुलांसाठी सायकल. उलरिक यांच्याच २०११ च्या अभ्यासात ८ ते १५ वर्षांच्या मुलांना पाच दिवस, रोज ७५ मिनिटं दुचाकी सायकल शिकवली, आणि निम्म्याहून जास्त मुलं ती चालवायला शिकली. वर्षभरानंतर शिकलेली मुलं बसून कमी वेळ घालवत होती. "याला सायकल कुठली जमतेय" असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

मानेची काळजी

कवटीच्या खालचे मानेचे पहिले दोन मणके पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. हे पट्टेही सैल असतात, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण १० ते २० टक्के मुलांच्या एक्स-रेमध्ये त्या दोन मणक्यांमधलं अंतर जास्त दिसतं. प्रत्यक्ष त्रास होतो तो एक-दोन टक्क्यांना. पण तो झाला तर मज्जारज्जू दाबला जातो, म्हणून हा भाग प्रत्येक घराला माहीत असायला हवा. लक्षणं नसताना सरसकट एक्स-रे काढण्याचा सल्ला आता दिला जात नाही, कारण आज ठीक आलेला एक्स-रे उद्याची हमी देत नाही. नजर ठेवायची ती लक्षणांवर. मान दुखणं किंवा एका बाजूला वाकडी धरणं, नीट चालणारं मूल अचानक अडखळायला लागणं, हातापायातली शक्ती कमी होणं, शी-शूवरचा आलेला ताबा जाणं. यांतलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. "आळशी झालाय" म्हणून वाट बघायची नाही.

कोलांटउडी, शीर्षासन, पाण्यात सूर मारणं, कुस्ती आणि कबड्डी या गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायच्या नाहीत. सहा वर्षांच्या आत ट्रॅम्पोलिन नको. शाळेत योगाच्या तासाला कोलांटउडी असते, तेव्हा शिक्षकांना हे लेखी कळवा. आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेची आठवण आपणच करून द्या.

शिकवायची रीत

ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून जास्त चांगलं शिकतात. म्हणून सूचना कमी, करून दाखवणं जास्त. भावंड समोर करत असेल तर निम्मं काम झालं. एका वेळी एकच गोष्ट, रोज त्याच क्रमाने. सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजा, कारण त्यांना ऐकून, समजून, अंग हलवायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरी सूचना देतो. मूल फतकल मारून बसलं, हलेना, की त्याला हट्टी ठरवलं जातं. बहुतेकदा ते दमलेलं असतं किंवा पाय जमिनीवरून सुटण्याची त्याला भीती वाटते. उंची कमी करा, आधार वाढवा, तोच व्यायाम ते हसत करतं.

प्रगती शेजारच्या मुलाशी ताडून कळत नाही. थेरपिस्ट त्यासाठी मुलांची तोल-चाचणी घेतात. तिच्यात खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं, जागच्या जागी गोल फिरणं अशी १४ कामं असतात आणि गुण ५६ पैकी. दर तीन-चार महिन्यांनी तीच चाचणी त्याच मुलावर. घरी एवढी नोंद पुरेशी: एका पायावर किती सेकंद, आणि जमिनीवरून उठताना हात कुठे टेकतो.

कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (इंग्रजी आद्याक्षरांत डीईआयसी) पाठवतात. जिल्हा रुग्णालयात "डीईआयसी कुठे आहे" एवढं विचारा. तिथे फिजिओथेरपी, कानाची आणि डोळ्यांची तपासणी मोफत मिळण्याची सोय अपेक्षित आहे. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवा, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याची चौकशी करा, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो.

पहिल्या भेटीला जाताना हृदयाचा टू-डी इको, थायरॉइडचा ताजा रिपोर्ट, कान आणि डोळ्यांची तपासणी झाली असेल तर तीही फाइलमध्ये लावा. आणि आदल्या दिवशी मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या: मूल जमिनीवरून स्वतः कसं उठतं ते बाजूने, आणि चालत असेल तर अनवाणी चालताना मागून. नव्या खोलीत, नव्या माणसासमोर ते बहुधा आईच्या पदरात तोंड खुपसून बसेल, आणि थेरपिस्टला बघायचं असतं ते नेमकं त्याचं घरातलं उठणं-चालणं.